उजनी, भीमा आणि टेलचे शेत

मागील अंकात भीमा खोऱ्यातील पाणीवाटपाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेकांनी नाव छापू नये असे कळवल्यामुळे केवळ गाव किंवा तालुका दिला आहे. काही पत्रे फार लांब होती, त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : “उजनी उणे साठ टक्के” अशी बातमी २०२४ च्या उन्हाळ्यात वाचली. पाणी उणे कसे असू शकते? आणि उणे असताना नदीत पाणी कोठून सोडतात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, टेंभुर्णी)

ही टक्केवारी संपूर्ण धरणाची नसून केवळ उपयुक्त, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी धरलेल्या, साठ्याची असते. त्याच्या पातळीखालच्या पाण्याला मृत साठा म्हणतात. भीमेवरील उजनी धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यापैकी सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त आणि सुमारे ६३.५ टीएमसी मृत साठा धरला जातो. मृत साठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे हे या धरणाचे वैशिष्ट्य आहे, आणि आपल्याकडे दर उन्हाळ्यात होणाऱ्या गोंधळाचे मूळही तेच आहे. उणे साठ टक्के याचा अर्थ असा की, उपयुक्त साठा संपून त्याच्या साठ टक्क्यांइतके, म्हणजे सुमारे ३२ टीएमसी पाणी मृत साठ्यातून वापरले गेले आणि कागदावर अजून सुमारे ३१ टीएमसी शिल्लक आहे. “कागदावर” हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण तळाशी साचलेल्या गाळाने व्यापलेली जागाही या आकड्यात मोजलेली असू शकते. मृत साठा खरे तर नेहमीच्या वापरासाठी धरलेला नसतो, पाऊस फारच लांबला तर तो हाताशी राहावा. आपण त्याला गृहीत धरून उन्हाळी नियोजन करू लागलो आहोत, हे मला काळजीचे वाटते.

प्रश्न : धरण जिल्ह्यात असूनही आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. शहरासाठी नदीत पाणी सोडल्याचे वाचतो, तेव्हा ते वाटेतच मुरून वाया जाते, हे खरे आहे का? (शिक्षिका, सोलापूर शहर)

सोलापूर शहराला तीन ठिकाणांहून पाणी मिळते : उजनीवरून आलेली थेट जलवाहिनी, भीमेवरील औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांतून टाकळी येथे उचललेले पाणी, आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव. यांपैकी औज बंधारा भरण्यासाठी धरणातून नदीत पाणी सोडावे लागते. वळणावळणाच्या पात्रातून सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून ते तेथे पोहोचते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर या प्रवासात आहे.

थोडे गणित करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. दहा लाख लोकवस्तीच्या शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर दराने १३.५ कोटी लिटर पाणी लागते, म्हणजे एक टीएमसी अशा शहराला जवळपास २१० दिवस पुरावे. (२०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती.) आता नदीत ६,००० क्युसेक (सेकंदाला ६,००० घनफूट) वेगाने दहा दिवस पाणी सोडले, तर पाच टीएमसीहून अधिक पाणी धरणातून जाते. एका आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या एका पाळीत, एवढे पाणी गेले, तर ते हिशेबाने शहराला अडीच वर्षांहून अधिक काळ पुरले असते, आणि प्रत्यक्षात काही आठवड्यांत पुन्हा आवर्तनाची मागणी येते.

मग हे पाणी वाया गेले का? मला “वाया” हा शब्द पटत नाही. कोरडे पात्र आधी आपली तहान भागवते, वाटेतले कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे भरतात, काठावरच्या गावांच्या आणि पंढरपूर, मंगळवेढ्यासारख्या शहरांच्या पाणीयोजनांना आधार मिळतो, विहिरींची पातळी वाढते आणि नदीकाठच्या मोटारी सुरू होतात. मोटारींनी पाणी खेचू नये म्हणून आवर्तनाच्या काळात काठावरची वीज काही तास तोडली जाते, हे काठावरचा प्रत्येक शेतकरी जाणतो. थोडक्यात, पाणी कोणाच्या तरी शेतात पोहोचते, पण त्याची नोंद मात्र “सोलापूर शहर, पिण्याचे पाणी” अशी होते. संशोधनाच्या भाषेत हा हिशेबाचा दोष आहे. पिण्याच्या पाण्याला राज्याच्या धोरणानुसार पहिले प्राधान्य असल्याने काठावरच्या सिंचनाला शहराच्या नावाने पाणी मिळते, त्याचे मोजमाप होत नाही आणि त्याची पाणीपट्टीही वसूल होत नाही.

दिवसाला १७ कोटी लिटर क्षमतेच्या उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीकडे यासाठीच नीट पाहिले पाहिजे. ती पूर्ण क्षमतेने वर्षभर चालली तरी सव्वादोन टीएमसीपेक्षा कमीच पाणी उचलेल. शहराचा प्रश्न त्यातून बराच हलका होऊ शकतो, मात्र शहराच्या आतील वितरणव्यवस्था आणि गळती हा स्वतंत्र विषय आहे. चार दिवसांआड येणाऱ्या नळाचे कारण बहुधा धरणात नसून तेथे सापडेल. शहर नदीवरून उतरले की काठावरच्या शेतकऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र आजवर कोणी मोकळेपणाने विचारलेला मी पाहिलेला नाही. त्यांच्या वाट्याचे पाणी त्यांच्याच नावाने मंजूर करून, मोजून द्यावे लागेल. अन्यथा जलवाहिनीही राहील आणि आवर्तनाची मागणीही राहील.

प्रश्न : आमची शेती चारीच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. पाणी सुटल्याची नोंद होते, पाणीपट्टीची मागणी येते, पण वरचे शेतकरी आठ-आठ दिवस दारे धरून बसतात आणि आमच्याकडे येईपर्यंत आवर्तन संपते. अधिकाऱ्यांना सांगून थकलो. पाणी कमी असताना ते न्यायाने वाटण्याचा काही शास्त्रीय मार्ग अभ्यासकांनी शोधला आहे का? (शेतकरी, मोहोळ तालुका)

आपल्या पत्रातील तक्रार नवी नाही आणि ती केवळ मोहोळची नाही. पाटपाण्याच्या जगभरच्या अभ्यासांतील हा सर्वांत जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण या विषयावर खरोखर उपयोगाचे काम झालेले आहे.

नियम पाहिला तर आपल्याकडे शेजपाळीची पद्धत आहे. नमुना ७ वर मागणी भरायची, पाळीचा क्रम ठरायचा आणि पाणी टेलकडून मुखाकडे देत यायचे. म्हणजे कागदावर आपण पहिले आहात. प्रत्यक्षात पाणी आधी वरच्याच्या बांधाजवळून जाते, आणि ज्याच्या दारात पाणी आहे त्याला नियमाची आठवण कोण करून देणार?

अमेरिकन अभ्यासक इलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनावर आयुष्यभर काम केले आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक वस्तू एकतर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी करावी, नाहीतर लोक ती ओरबाडून संपवतात, असा त्या काळी समज होता. स्पेनमधील पाटांपासून नेपाळमधील कुलांपर्यंत शेकडो उदाहरणे तपासून त्यांनी दाखवले की, लोकांनी स्वतः केलेले नियम कित्येक पिढ्या टिकू शकतात. त्यासाठी काही अटी मात्र पाळल्या जाव्या लागतात. लाभधारक कोण हे स्पष्ट असावे, नियम त्या जागेच्या पाण्याला आणि जमिनीला साजेसे असावेत, देखरेख करणारा माणूस लाभधारकांना जबाबदार असावा, नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा हलका आणि पुढे वाढता दंड असावा, तंटा जवळच्या जवळ स्वस्तात मिटावा आणि या सगळ्याला सरकारने आडकाठी करू नये.

आपल्यासाठी मला नेपाळचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शंभराहून अधिक पाटांची तुलना केली. सरकारी यंत्रणेने चालवलेल्या पाटांपेक्षा शेतकऱ्यांनी चालवलेल्या पाटांवर टेलला अधिक खात्रीने पाणी पोहोचत होते. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, जेथे सिमेंटचा पक्का बंधारा बांधून दिला होता, तेथे काही ठिकाणी टेलची स्थिती उलट बिघडली. कच्चा बंधारा दरवर्षी पुरात वाहून जाई आणि तो पुन्हा बांधायला, पाटातला गाळ काढायला वरच्या शेतकऱ्यांना खालच्यांचे हात लागत. बंधारा पक्का झाला आणि वरच्याला खालच्याची गरजच उरली नाही. गरज संपल्यावर पाणी देण्याचे कारणही संपले.

आपल्या चारीकडे या नजरेने पाहा. आपल्याकडे उपदेशाची कमतरता नाही, वरच्याला आपली काही गरज नाही हा मूळ दोष आहे. कालवा पक्का आहे, पाणी सोडणारे वेगळे आहेत, दुरुस्ती सरकार करते आणि पाणीपट्टी प्रत्येकाची स्वतंत्र आहे. टेलचे शेत वाळले तर मुखाकडच्याचे एक पैशाचेही नुकसान होत नाही.

आपल्याच राज्यातील जुन्या माणसांनी हे ओळखले होते. खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम या नद्यांवर चाललेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई आणि बहुतेक कुटुंबांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असे. नदीला पाणी कमी आले तर एखादा फड कोरडा ठेवायचा, हे सारे मिळून ठरवत. त्यामुळे “कोणाचे पाणी तोडायचे” असा प्रश्नच उभा राहत नसे, कारण कोरड्या फडात सर्वांचीच थोडी थोडी जमीन असे. पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्याला शेतकरीच धान्याच्या रूपाने मोबदला देत, म्हणून तो त्यांचाच माणूस असे. पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा हक्क जमिनीशी न जोडता माणसाशी जोडला : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला मनाई. मला त्यातील उसाची मनाई अधिक धाडसाची वाटते. पाणी माणशी वाटायचे ठरवल्यावर इतके पाणी पिणारे पीक हिशेबात बसतच नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले.

आता आपल्याला काय करता येईल ते सांगतो. २००५ च्या सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाच्या कायद्यानुसार चारीवर पाणी वापर संस्था स्थापन करता येते. संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून आणि ठोक मिळते. कोणते पीक घ्यायचे याचे स्वातंत्र्य राहते आणि संचालक मंडळात मुख, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व असते. पाणीपट्टी संस्थेने भरायची असल्याने टेलचा शेतकरी थकला तर बोजा सगळ्या संस्थेवर येतो. म्हणजे नेपाळच्या पाटावर गाळ काढताना जी गरज निर्माण होत असे, ती येथे वसुलीच्या रूपाने निर्माण होते. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर अशा संस्थांनी चांगले काम केले आहे. अनेक ठिकाणी संस्था केवळ कागदावर राहिल्या, हेही मला मान्य आहे. माझ्या पाहण्यात फरक एका गोष्टीने पडतो : चारीच्या तोंडाशी मापक बसवलेला आहे का, त्याची नोंद रोज फळ्यावर लिहिली जाते का, आणि ती लिहिणारा माणूस टेलचा आहे का. पहिल्या बैठकीत पीकपद्धतीवर वाद घालण्यापेक्षा हा फळा मागून घ्यावा. दंडाची रक्कम नंतर ठरवता येईल, मोजलेल्या पाण्याशिवाय दंड कशावर लावणार?

प्रश्न : मी उसाला ठिबक केले आणि निम्मे पाणी वाचले. सगळ्यांनी ठिबक केले तर टंचाई संपेल, असे मी म्हणतो. मित्र म्हणतो, संपणार नाही. कोण बरोबर? (शेतकरी, पंढरपूर तालुका)

दोघेही, पण मित्र थोडा अधिक. आपल्या शेतात पाणी वाचते यात शंका नाही आणि ठिबकने उत्पन्नही वाढते. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय याच अपेक्षेने घेतला होता. प्रश्न असा आहे की, वाचलेल्या पाण्याचे आपण काय केले? पत्रात आपणच लिहिले आहे की त्या पाण्यावर शेजारचे दोन एकर नव्याने उसाखाली आणले. म्हणजे पाणी विहिरीतही राहिले नाही आणि नदीतही राहिले नाही. ते उसाच्या पानांवाटे हवेत गेले.

दुसरी बाजू कमी लक्षात येते. पाटाने भिजवताना जे पाणी जमिनीत मुरत होते, त्याचा काही भाग खालच्या विहिरींना आणि नदीला परत मिळत होता. ठिबकने तो परतावा घटतो. क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच विरोधाभास मांडला : सिंचनाची कार्यक्षमता वाढली की शेतावरचा वापर नीट होतो, पण संपूर्ण खोऱ्यातील पाणी बहुधा वाचत नाही, कारण क्षेत्र वाढते आणि परतावा आटतो. अमेरिकेतील रिओ ग्रँड खोऱ्याविषयी २००८ मध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता. या अभ्यासकांचा सल्ला ठिबक नको असा नाही. ठिबकबरोबर एकूण उचलीला मर्यादा घालावी आणि ती मोजावी, असे ते सुचवतात.

सोलापुरात उसाच्या बाजूने ओढ फार मोठी आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात अग्रभागी आहे आणि उसाला खरेदीची जी हमी मिळते, ती तूर किंवा ज्वारीला मिळत नाही. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे की, महाराष्ट्रात पिकाखालील चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो. त्यासाठी केवळ शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या पिकाला बाजार आहे तेच तो घेणार.

प्रश्न : पुण्याची धरणे भरली की आमच्याकडे पूर येतो आणि ती भरली नाहीत की आमची नदी कोरडी. पुढे कर्नाटकातील गावेही आपल्याविषयी हेच म्हणतात. वरच्याने आणि खालच्याने पाणी कसे वाटावे, याचा काही नियम आहे का? (निवृत्त कर्मचारी, अक्कलकोट)

नियम आहे आणि तो बऱ्यापैकी स्पष्ट आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५ च्या कलम १२(६)(ग) नुसार, खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील सर्व जलाशयांचे नियंत्रण असे करावे की दरवर्षी ऑक्टोबरअखेर खरिपाचा वापर धरून सर्वांतील वापरण्यायोग्य पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी असावी. वरच्याचे धरण शंभर टक्के आणि खालच्याचे चाळीस, असे चालणार नाही. गोदावरी खोऱ्यात जायकवाडीसाठी हे तत्त्व प्रत्यक्षात आले. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये कोणत्या परिस्थितीत वरच्या धरणांतून किती पाणी सोडावे याचे सूत्र दिले, प्राधिकरणाने २०१४ मध्ये तसा आदेश दिला आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायम ठेवला. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद त्यामुळे मिटला नाही, पण दरवर्षी ऑक्टोबरात भांडण कोणत्या आकड्यावर करायचे, हे तरी ठरले.

भीमेच्या उपखोऱ्यालाही हे कलम तितकेच लागू आहे. येथे गुंता अधिक आहे. खडकवासला साखळीतील चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे आणि त्यावर पुणे शहर आणि शेती असे दोन दावेदार आहेत. पुणे जे पाणी पिते त्यातील मोठा भाग सांडपाणी होऊन मुळा-मुठेतून पुन्हा उजनीतच येतो. म्हणजे मापात पाणी परत मिळते, पण ते कशाच्या अवस्थेत मिळते हे उजनीचा हिरवट फुगवटा पाहिलेल्यांना सांगायला नको. याउलट, मुळशीसह टाटांच्या जलविद्युत धरणांतून घाटाखाली वळवले जाणारे पाणी खोऱ्यात कधीच परतत नाही. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला सुमारे ४२ टीएमसी पाणी धरले आहे. उजनीच्या उपयुक्त साठ्याशी हा आकडा ताडून पाहावा.

राज्याराज्यांतील वाटपाचे म्हणाल, तर भीमा ही कृष्णेची उपनदी आहे. वर उल्लेखलेल्या कृष्णा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, ७५ टक्के विश्वासार्हतेने कृष्णेत २,०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले, परताव्याचे पाणी वेगळे. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे चारपैकी तीन वर्षे एवढे पाणी मिळेल असे मानणे. चौथ्या वर्षाचे काय? लवादाने तुटीचे आणि वाढाव्याचेही वाटप करणारी दुसरी योजना मांडली होती, तिला ‘ब’ योजना म्हणतात. ती चालवण्यासाठी सर्व राज्यांचे मिळून खोरे प्राधिकरण हवे होते. ते झाले नाही आणि वाटप ठरावीक आकड्यांचेच राहिले.

ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९५ मध्ये एकूण उचलीवर मर्यादा घातली गेली. तेथे हक्कदाराकडे पाण्याचा वाटा असतो आणि हंगामात जेवढे पाणी असेल त्यानुसार त्या वाट्याचे किती टक्के मिळतील हे जाहीर होते. हक्कांच्या खरेदी-विक्रीची तेथील पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही, छोटा शेतकरी तिच्यात टिकणार नाही. वाटा टीएमसीत न ठरवता टक्क्यांत ठरवणे मात्र घेण्यासारखे आहे. टक्क्यांचा वाटा असला की वरच्या धरणात पाणी कमी आल्याची झळ वरच्यालाही लागते, आणि मोहोळच्या चारीवर जी गोष्ट हवी आहे तीच येथे खोऱ्याच्या पातळीवर घडते.

प्रश्न : आमच्या भागाला कालव्याचे पाणी कधी येईल सांगता येत नाही. कोरडवाहू शेतीसाठी काही संशोधन होते का, की सगळा अभ्यास धरणांचाच? (शेतकरी, मंगळवेढा तालुका)

आपल्याच शहरात ते नव्वद वर्षांपासून चालू आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राची सुरुवात १९३३ मध्ये झाली. अवर्षणप्रवण भागात पडलेला पाऊस जागीच मुरवण्यासाठी रब्बीच्या पेरणीपूर्वी शेतात बंदिस्त वाफे करण्याची शिफारस येथील कामातूनच पुढे आली. जुलै-ऑगस्टमध्ये, नांगरट झालेल्या काळ्या जमिनीत, उताराला आडवे छोटे वरंबे घालून ते करावेत. परतीच्या पावसाचे पाणी त्यांत थांबते आणि सप्टेंबरअखेर पेरलेल्या ज्वारीला ती ओल दाणे भरेपर्यंत साथ देते. मोहोळच्या केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण याच ओलीवर येणारा आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते कालव्याच्या पाण्यावर नाही. तीन-चार एकरांत आधी एका एकरावर वाफे करून पाहावेत, शेजारचा एक एकर नेहमीसारखा ठेवावा आणि फेब्रुवारीत दोन्हींची कणसे व कडबा वेगवेगळा तोलावा. आकडे आम्हाला कळवल्यास पुढील रब्बीच्या अंकात छापू.